शरू, आजीची पाठ गेली

सहकारनगर, पुणे
रविवार, रात्रीचे साडेअकरा

शरू,

आधी शिव्या घालून घे, मग वाच. आठ महिने झाले तुझ्या व्हॉइस नोटला उत्तर दिलं नाही, माहितीये मला. इकडे सगळे बरे. बाबांची शुगर आहे तशी, माझा गुडघा आहे तसा. आता मुद्द्याचं. आजीची पाठ गेली.

हो, तीच, तू काढलेलं चारकोलचं चित्र. आपण चित्रं टाकायचो त्या साइटवरून गेली, कायमची. त्यात निम्मा हात माझा आहे म्हणून लिहितेय, फोनवर तू मधेच हसतेस नाहीतर मधेच रडतेस आणि माझं सांगायचं राहूनच जातं.

झालं काय, आजीचं श्राद्ध आलं. आई म्हणाली, तिचा एक धड फोटो नाही आपल्याकडे, सगळ्यात ती डोळे मिटून किंवा कुणाच्या तरी मागे, त्यापेक्षा शरूने काढलेली पाठ मोठी करून लावू या हॉलमध्ये. आपली आई, शरू! जी 2012 साली "हे असलं नेटवर टाकणार तुम्ही?" म्हणून दोन दिवस धुसफुसत होती. मी म्हटलं देते लगेच, लिंक माझ्याकडे सेव्ह आहे. उघडली तर राखाडी चौकोन आणि खाली एक इंग्रजी ओळ, की हे आमच्या नियमात बसत नसल्यामुळे किंवा बराच काळ वापरात नसल्यामुळे काढण्यात आलंय.

'किंवा' बघ. तो 'किंवा' माझ्या डोक्यातून जात नाहीये. आजी नागडी म्हणून गेली की म्हातारी म्हणून, हेसुद्धा सांगायची गरज वाटली नाही त्यांना. आणि नागडं तरी काय होतं त्यात? मागच्या पडवीत पाटावर बसलेली, नऊवारीचा पदर कमरेपर्यंत, अंबाडा एका हाताने वर धरलेला, आई नारायण तेल चोळतेय आणि आईचे फक्त हात दिसतायत. मणके एकेक मोजता यायचे. डाव्या खांद्याखाली तुझा अंगठा फिरला होता आणि काळं पसरलं होतं, ते तू खोडणार होतीस, मी खोडू दिलं नाही. आजीने बघून काय म्हटलेलं आठवतंय ना? "बरं झालं पाठ काढलीस, तोंड काढलं असतंस तर चार लोकांनी ओळखलं असतं."

मग मी जुनं मेल उघडलं. आपलं अकाउंट ज्या मेलवर होतं ते मी आता फक्त दुकानांना द्यायला वापरते, त्यामुळे त्यात चार हजार न वाचलेल्या सवलती. त्यात तीन मेल साइटवाल्यांचे. लॉगिन करा, नाहीतर अमुक तारखेनंतर जुनं सगळं काढू. पहिलं फेब्रुवारीत, शेवटचं एप्रिलच्या अखेरीस. एक क्लिक शरू, एकदा आत जाऊन यायचं होतं. पासवर्ड कुणाकडे होता? माझ्याकडे. कुणी भांडून ठेवून घेतला होता? मीच.

ते भांडण मला परत नकोय, पण काढावंच लागेल. 2016, तुझ्या लग्नाला दीड महिना, तू म्हणालीस सगळं उडव, सासरचे बघतील. आणि मी रुपालीत सगळ्यांसमोर तुला ढोंगी म्हटलं, आजी अश्लील आहे का असं विचारलं, तुझीच रधों कर्व्यांवरची कॉलेजातली भाषणं तुझ्या तोंडावर फेकली. चार महिने बोललो नाही आपण. केळवणाला आले ते पण तोंड पाडून. मग 25 सप्टेंबर 2019 ची रात्र. आंबिल ओढा तुमच्या अरण्येश्वरच्या घरात शिरला, पलंगाखालची ट्रंक, तुझ्या सगळ्या वह्या, कार्ट्रिज पेपरचा अक्षरशः लगदा झाला. चौथ्या दिवशी तुझा मेसेज, "बरं झालं तू डिलीट केलं नाहीस." तेवढाच. मी तो अजून जपून ठेवलाय. आणि बघ, तू सांगितलेलं काम शेवटी कंपनीनेच करून टाकलं, नऊ-दहा वर्षं उशिरा.

दोन रात्री मी बाकीच्या लोकांचा संताप वाचत बसले. कुणाचे पंधरा वर्षांपूर्वी टाकलेले जुन्या रेडिओच्या सर्किटचे फोटो, ज्यांच्या भरवशावर शेकडो लोक दुरुस्ती करत होते, तिथे आता सगळीकडे राखाडी चौकोन. एका बाईचे ऑपरेशननंतरचे छातीचे फोटो. आणि सगळ्यात मोठ्याने कोण ओरडत असेल? ज्याचं चाळीस जीबीचं 'कलेक्शन' गेलं तो! पण खरं सांगू, मुद्द्याचं तोच बोलला. घाण म्हणा, हरकत नाही, पण काय काय नेलंत त्याची यादी तरी द्या. मी त्याला लाइक केलं, मंदारला सांगू नकोस.

मंदारचं म्हणणं, फुकटात ठेवायला दिलेलं, तक्रार कसली, आणि ओरडून कधी काही झालंय का. झालंय ना! ब्लॉगरने 2015 च्या फेब्रुवारीत अडल्ट ब्लॉग बंद करायचं ठरवलं आणि लोक एवढे चिडले की काही दिवसांत मागे घेतलं. ओन्लीफॅन्सने 2021 च्या ऑगस्टमध्ये तेच केलं, बँकांकडे बोट दाखवलं आणि आठवड्याच्या आत फिरवलं, कारण तिथे ओरडणाऱ्यांच्या जिवावरच दुकान चालत होतं. मंदार म्हणाला, बरोबर, तुझ्या आजीच्या जिवावर कुणाचं चालत होतं? यावर मी काय बोलणार, पोहे पुढे ठेवले.

उलट टम्बलर बघ. 3 डिसेंबर 2018 ला जाहीर केलं, 17 पासून लागू, दोन आठवडे फक्त. लोकांनी आकाशपाताळ एक केलं, काही फरक पडला नाही. मशीनने साध्यासुध्या चित्रांनाही लाल शिक्के मारले. नियमात शिल्पं, कलाकृती चालतील असं होतं म्हणे, म्हणजे संगमरवरी बाई चालेल पण तेल लावलेली आजी चालेल की नाही ते मशीन ठरवणार. 2013 ला याहूने 110 कोटी डॉलरला घेतलेलं ते, 2019 ला विकलं तेव्हा 30 लाखही आले नाहीत अशा बातम्या होत्या. 2022 मध्ये नग्नतेला परत परवानगी दिली, पण तोवर माणसं पांगली होती. आणि जुनं आणि अडल्ट एकाच झाडूने काढायचं ते इम्गुरने, त्या फोटो ठेवायच्या साइटने, 2023 च्या मे मध्ये केलं. तेव्हा तू मला मेसेज केला होतास, "कॉपी काढून ठेव गं." मी अंगठ्याचा इमोजी पाठवला. अंगठा, शरू! त्यापुढे काही नाही.

तुझ्या त्या भाषणातला तुकडा सारखा आठवतोय, 1934 ला कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला आणि बाबासाहेब त्यांचे वकील. हरले, पण निदान कोर्ट होतं गं, समोर माणूस होता, बोलता आलं. मी तीनदा फॉर्म भरला, तीनदा तेच उत्तर आलं, तेच नाव खाली, सेकंदाच्या आत. म्हणजे कुणी वाचलंच नाही. आईला मी अजून सांगितलेलं नाही, म्हटलंय प्रिंटवाल्याकडे गर्दी आहे. श्राद्ध झालं, भिंत तशीच.

तुझं काय? खांदा कसा आहे, अर्णवला नवी शाळा मानवली का, बेंगळुरूत पाण्याचे हाल अजून चालूच आहेत का. सविस्तर लिही. काकूंना नमस्कार.

आता काम ऐक. तुझ्या लग्नानंतर मी तुला गणपतीच्या आकाराचा पेन ड्राइव्ह दिला होता, सोंड ओढली की उघडायचा, त्यात लग्नाचे फोटो होते. मला पुसटसं आठवतंय की भांडण मिटल्यावर मी त्यात शेवटच्या फोल्डरमध्ये चित्रं पण टाकली होती, तुला चिडवायला, फोल्डरचं नाव 'सासरी दाखव'. टाकली होती का नुसतं टाकायचं ठरवलं होतं, देवाशपथ आठवत नाही. कुठे तरी असेल, तुमच्या देवघरातच ठेवला असशील तू, गणपती म्हणून. फोन करू नकोस, आधी शोध. आणि टीव्हीला लावून बघू नकोस, सासूबाई घरी असतील.

तुझी,
मंजू