नवरा गेल्यावर तिची विचारपूस कोण करतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शेतकऱ्याने आत्महत्या केली की नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा या निकषांवर प्रकरण पात्र की अपात्र ते ठरतं. त्यासाठी कागद शोधते, जबाब देते ती त्याची बायको. तेरवीही झालेली नसते. पुढे मदत मिळो न मिळो, सरकारी दप्तरात तिचं काम तिथेच संपतं.

यवतमाळ जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. या बायका ‘मन बरं नाही’ असं कधीच सांगत नाहीत. ‘सिस्टर, जीव घाबरते, रातभर डोया लागत नाई,’ म्हणतात. कुणाची कंबर दुखते, कुणाचं डोकं जड. मग लोहाच्या गोळ्या, फार तर एखादं इंजेक्शन. रजिस्टरमध्ये ‘अंगदुखी’. रांगेत मागे वीस जण उभे असताना दुसरं काय होणार!

हेरवाड (ता. शिरोळ) ग्रामसभेने मे 2022 मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने त्याच महिन्यात इतर गावांसाठी परिपत्रक काढलं. उत्तम झालं. पण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लीभर वाणाची लगबग असते आणि ही दार लोटून घरात बसते. तिला बोलवायचं की नाही, हे शेजारणीच ठरवतात. हसली तरी नावं ठेवतात, रडत बसली तरी.

त्यात शेताचं भिजत घोंगडं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा पहिल्या वर्गातली वारस आहे. तरी भाऊबंद ‘पोरं मोठी होऊ दे’ म्हणत फेरफार लांबवतात. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून पीककर्जासाठी बँक दारात उभं करत नाही. पेरणी तोंडावर आली की हिची झोप उडते. माझ्या मते अशा वेळी समुपदेशनाइतकीच वारसनोंदीची गरज असते.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे, पण घरातला मोबाइल बहुधा दिराकडे किंवा मुलाकडे असतो. त्यांच्यासमोर ती काय बोलणार? बाळंतिणीच्या घरी आशाताई 42 दिवसांत ठरलेल्या भेटी देतात आणि त्याचा मोबदला त्यांना मिळतो. नवरा गेलेल्या बाईच्या घरीही, तो कशानेही गेलेला असो, निदान वर्षभर अशा भेटी ठरवाव्यात. झोप, जेवण, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार यांची चौकशी व्हावी, तीही एकटीला गाठून, सासूसमोर नव्हे. फेरफार झाला का, तेही त्याच वेळी विचारावं. मात्र हे काम आशाताईंच्या गळ्यात फुकट मारू नये. त्यांच्यातही विधवा बऱ्याच आहेत.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
जि. यवतमाळ