मॅनोमेट्रीच्या दिवशी भेटलेल्यांचे मनापासून आभार

आईला वर्षभर घास अडकायचा, पाणीसुद्धा छातीत थांबायचं, ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, एंडोस्कोपीत काही सापडलं नाही, मग बेरियमच्या एक्सरेत अन्ननलिका खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती दिसली आणि डॉक्टरांनी मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजायची टेस्ट, सांगितली. नाकातून नळी म्हटल्यावर आईची झोपच उडाली.

टेस्ट करणाऱ्या ताई, तुमचं नाव विचारायचं राहिलंच हो. नाकात बधिर करायची जेली लावून नळी सरकवताना तुम्ही "आजी, गिळा, झालंच आता" म्हणत राहिलात, मग आडवं झोपवून 5-5 मिलीचे 10 घोट, मधल्या वेळात अजिबात गिळायचं नाही, आईला ठसका लागला की थांबायचात, पण एकदाही चिडला नाहीत. रिपोर्टमध्ये अकॅलेशिया आलं, म्हणजे गिळलं तरी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू सैलच पडत नाही. एवढे दिवस सगळे "टेन्शन घेता तुम्ही" म्हणायचे, आईला ते फार लागायचं.

आणि रांगेतले काका, तुम्हीही सकाळपासून उपाशीच होतात ना, तरी आईला थरथरताना बघून तुमचा नंबर दिलात. तुमचा रिपोर्ट चांगला आला असू दे. पुढच्या आठवड्यात आईच्या ट्रीटमेंटचं ठरेल, ती अजून रोज ताईंची आठवण काढते.