सोन्या, पहिल्या सेशनला जायच्या आधी हे वाच

सोन्या,

परवा फोनवर तू एकदम म्हणालास की आई मी थेरपिस्ट शोधतोय, आणि मी नुसतं बरं म्हणून गप्प झाले, त्याचा वेगळा काही अर्थ काढू नकोस. मला रडू येत होतं आणि ते तुला ऐकू जायला नको होतं एवढंच. तू स्वतःहून हे ठरवलंस याचं मला फार बरं वाटलं. नंतर तुझा मेसेज आला की काय विचारायचं, कसं सुरू करायचं काहीच कळत नाहीये, म्हणून बसून लिहितेय, फोनवर सांगायला गेले की घसा भरून येतो माझा.

तुला कधी सांगितलं नाही पण मीही गेले होते. तू शाळेत होतास, आजी गेल्यानंतरचं वर्ष. पहिल्या बाईंकडे मी तीनदा गेले, चौथ्या वेळी ताप होता म्हणून सकाळी कळवलं की आज जमणार नाही, आणि त्यांनी त्या न झालेल्या सेशनची पूर्ण फी मागितली. मला इतकं लागलं ते की मी परत पाऊलच टाकलं नाही, का येत नाही हेसुद्धा कळवलं नाही. आता कळतं की ती वेळ त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवलेली होती, ऐनवेळी दुसऱ्या कुणाला देता येत नाही, बहुतेक ठिकाणी २४ किंवा ४८ तास आधी सांगावं लागतं. पण हे मला त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, आणि तेवढ्यावरून मी पुढचं दीड वर्ष कुणाचीच मदत न घेता काढलं.

म्हणून पैशाचं आधी विचार, अगदी पहिल्या फोनवर किंवा ईमेलमध्ये. एका सेशनची फी किती, सेशन किती मिनिटांचं (तासाचं म्हणतात पण बऱ्याचदा ४५ नाहीतर ५० मिनिटांचंच असतं), पैसे दर वेळी द्यायचे की महिन्याचे एकदम, कॅन्सल केलं तर काय, फी वाढली तर किती आधी सांगणार, आणि ते स्वतः सुट्टीवर गेले तर तुझं काय. परवडत नसेल तर तसंही बोल, बरेच जण थोड्या जागा कमी फीच्या ठेवतात पण विचारल्याशिवाय ते कळत नाही. चांगल्या थेरपिस्टला या प्रश्नांचा राग येत नाही, आणि ज्याला येतो त्याच्याकडे तू मनातलं काय बोलणार आहेस?

मग शिक्षण. कितीतरी देशांत समुपदेशक ही पाटी कुणीही लावू शकतो, त्यामुळे शिकलात काय, रजिस्ट्रेशन कुठलं, माझ्यासारख्या त्रासाचं काम आधी केलंय का, हे सरळ विचारायचं. त्यांचं सुपरव्हिजन चालू आहे का हेही विचार, म्हणजे ते स्वतः कुणा अनुभवी माणसाशी आपल्या केसेसबद्दल बोलतात का, तुझं नाव न सांगता. सायकियाट्रिस्ट वेगळे, ते डॉक्टर असतात आणि औषधं देतात, सायकोथेरपिस्ट मुख्यतः बोलण्यातून काम करतो आणि पुष्कळ लोकांना दोन्ही लागतं, त्यात कमीपणा काही नाही. आणि एकदा साध्या डॉक्टरकडे जाऊन थायरॉइड तपासून घे रे, थायरॉइड कमी असलं तरी असाच थकवा आणि उदासी येते.

पद्धतींच्या नावांनी घाबरून जाऊ नकोस. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) तुला सगळीकडे दिसेल, ॲरन बेक या सायकियाट्रिस्टनी १९६०च्या दशकात सुरू केलेली, त्यात विचार आणि वागणं दोन्ही तपासतात, घरी करायला काम देतात आणि साधारण १२ ते २० सेशनमध्ये बऱ्यापैकी काम होतं. सायकोडायनॅमिक म्हणतात ती जास्त दिवस चालते, जुन्या नात्यांपर्यंत जाते. मला विचारशील तर नावापेक्षा दुसरंच बघावं. एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं होतं की थेरपिस्ट आणि आपल्यात तीन गोष्टी जुळाव्या लागतात, कुठे पोचायचंय, त्यासाठी काय करायचंय आणि एकमेकांवरचा विश्वास. माझ्या दुसऱ्या थेरपिस्टनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं की सहा महिन्यांनी काय बदललेलं असलं तर इथे आल्याचं सार्थक वाटेल तुम्हाला? मला उत्तर देता आलं नाही, मी घरी येऊन दोन दिवस विचार केला आणि वहीत लिहिलं, सकाळी उठल्यावर छातीवर दगड नसावा. तू पण जायच्या आधी असं एक वाक्य लिहून ने, मोठं काही नको.

पहिल्या भेटीत बहुतेक माहितीच विचारतात, झोप, भूक, घर, काम, आधी काही उपचार झालेत का. एखादा फॉर्म पण देतील. उदासी किती आहे ते बघणारा पीएचक्यू-९ नावाचा असला तर त्यात नऊ प्रश्न असतात, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकाला ० ते ३ आणि एकूण २७ पैकी स्कोअर. नववा प्रश्न मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का याचा आहे. पहिल्या बाईंकडे मी तिथे पेन टेकवून कितीतरी वेळ बसले आणि शेवटी ० वर खूण केली. खरं उत्तर १ होतं. मला वाटलं १ लिहिलं तर हे लोक घरी फोन करतील, तुला माझ्यापासून लांब नेतील. दुसऱ्या थेरपिस्टकडे मी खरं लिहिलं, तर त्या माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या सांगितलंत ते बरं केलंत, कधी येतात हे विचार? बस्स. नुसता विचार मनात येणं आणि लगेचचा धोका असणं यातला फरक त्यांना कळतो. मी आता बरी आहे, त्याची काळजी करू नकोस, हे सांगितलं ते तू तिथे ० खोटं लिहू नयेस म्हणून. आणि असं काही आत्ता मनात येत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं किंवा तिथल्या हेल्पलाइनला फोन करायचा, आणि मला, रात्री तीनला सुद्धा.

गुप्ततेचं त्यांच्या तोंडून ऐकून घे. तू सांगितलेलं बाहेर जात नाही, पण अपवाद असतात, जिवाला धोका असणं, लहान मुलावर अत्याचार होत असणं, कोर्टाचा आदेश, आणि नेमके नियम जागेप्रमाणे बदलतात म्हणून विचारायचे. नोट्स कुठे ठेवता, किती वर्षं ठेवता, मधल्या दिवसांत मेसेज केला तर चालतो का, हेही विचारून घे. ऑनलाइन घेणार असशील तर बंद दार आणि हेडफोन हवेतच, आणि थेरपिस्ट दुसऱ्या राज्यातला किंवा देशातला असेल तर त्याला तुझ्याशी काम करायची परवानगी आहे ना ते बघ.

दोन-तीन सेशननंतरही जुळत नाहीये असं वाटलं तर माझ्यासारखं पळून जाऊ नकोस, त्यांनाच सांग की मला इथे अवघडल्यासारखं होतंय. कधी कधी तिथूनच खरं बोलणं सुरू होतं, नाहीतर ते दुसऱ्या कुणाचं नाव सुचवतात. मात्र इतक्या सेशनमध्ये नक्की बरं करतो अशी हमी देणारा, स्वतःचीच दुःखं सांगत बसणारा, बाहेर भेटायला बोलावणारा किंवा नको तसा स्पर्श करणारा असेल तर तिथून सरळ उठून निघून यायचं, त्याला कारण द्यायची गरज नाही.

सेशननंतर लगेच ऑफिसचा कॉल लावू नकोस, अर्धा तास मोकळा ठेव. मी सुरुवातीला बाहेर येऊन नुसती बाकावर बसायचे, अंगातली ताकद गेल्यासारखं व्हायचं. काही जणांना पहिले काही आठवडे उलट जास्त जड वाटतं, तसं झालं तर तेही तिथे जाऊन सांग.

आता माझं. तू नाही म्हणालास तरी पहिल्या काही महिन्यांची फी मी देणार आहे, पण पैसे तुझ्या खात्यात टाकेन, त्यांना थेट नाही, म्हणजे बिल माझ्याकडे येणार नाही, नाव पण कळणार नाही मला. पैसे दिले म्हणून आत काय बोललास हे विचारायचा हक्क मला येत नाही. तिथे तू माझ्याबद्दल पण बोलशील, माझ्यावर रागावला असशील तर तेही, बोल, अजिबात मागे ठेवू नकोस. तुझे बाबा गेले त्या वर्षी मी तुला रडू दिलं नाही हे मला माहीत आहे.

सेशनच्या दिवशी मी फोन करणार नाही. तुला करावासा वाटला तर कर, आपण दुसरंच काहीतरी बोलू. पैसे उद्या सकाळी टाकते, आले की नुसतं आले म्हणून कळव.

तुझी,
आई