अजगराच्या अंड्यांसाठी इन्व्हर्टर हवा आहे : ग्रामस्थ आणि चाकरमान्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

शिमगा झाला की आपल्याकडे भाजावळीची, म्हणजे भातासाठी जमीन भाजून तयार करायची कामं सुरू होतात. कवळ (झाडांच्या फांद्या) तोडायची, पातेरा (वाळका पाला) गोळा करायचा, तरवा (भाताच्या रोपांची जागा) भाजायचा, ढासळलेले गडगे (दगडी बांध) रचून घ्यायचे. मे महिन्यात चाकरमानी आले की घराच्या कामाला जेसीबी लागतो. नेमक्या याच दिवसांत अजगराची मादी अंडी घालते. त्यासाठी ती साळिंदराचं सोडलेलं बीळ शोधते, नाहीतर जुनं वारूळ, गडग्यातली पोकळी, पातेऱ्याचा ढीग. मग कुठल्या ना कुठल्या वाडीतून आमच्या सर्पमित्र मंडळाला फोन येतोच : आर (अजगर) निघालाय, खाली अंडी आहेत, काय करू?

आमचं पहिलं सांगणं नेहमी एकच असतं. काम थांबवता येत असेल तर थांबवा, तिला तिथेच राहू द्या. मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते, खाणंपिणं जवळजवळ सोडून देते आणि गारठा वाढला की अंगाचे स्नायू थरथरवून स्वतः ऊब तयार करते. फार थोड्या सापांना हे जमतं. २०२२ साली केरळमध्ये कासरगोडला अजगराची २४ अंडी सापडली, तेव्हा महामार्ग रुंदीकरणाचं तिथलं काम ५४ दिवस थांबवलं होतं. हाच ६६ क्रमांकाचा महामार्ग आपल्या दारावरून जातो. तिथे रस्ता थांबू शकला, तर आपल्या परड्यातला (घरामागच्या अंगणातला) एक कोपरा दोन महिने नक्कीच राखता येईल.

पण सगळीकडे हे शक्य नसतं. बीळ फुटलेलं असतं, मादी गर्दीला बिथरून निघून गेलेली असते किंवा पातेरा पेटवून झाल्यावर अंडी दिसतात. अशी अंडी वनविभागाला कळवून, त्यांच्या परवानगीने आणि देखरेखीखाली आम्ही उबवतो. लागणारं सामान साधंच आहे. मासळीचे थर्माकोलचे खोके स्वच्छ धुऊन घेतो आणि त्यात काथ्याचा ओलसर भुसा भरतो. भुसा मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पण पाणी टिपकू नये, इतकीच ओल हवी. ओल जास्त झाली तर अंड्यांना बुरशी धरते, कमी पडली तर ती पिचकतात. अंडी पांढरी आणि चामड्यासारखी मऊ असतात, बहुतेक वेळा एकमेकांना चिकटलेली. ती ओढून सोडवायची नाहीत. उचलण्याआधी प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतो, कारण अंडं उलटलं तर आतला जीव गुदमरतो. ही एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी : अंडी दिसली तर हात लावू नका, फिरवू तर मुळीच नका.

खोक्यात ३० ते ३२ अंश तापमान साधारण दोन महिने टिकवावं लागतं. मे महिन्यात हे फारसं कठीण जात नाही. खरी कसोटी मृग लागल्यावर. पहिल्याच वादळी पावसात झाड तारेवर पडतं आणि वाडीची लाईट जाते, कधी रातभर, कधी दोन-दोन दिवस. पिल्लं बाहेर पडायचे दिवसही तेच. अशा रात्री गरम पाण्याच्या बाटल्या खोक्यात ठेवून आमची मुलं जागतात, पण बाटल्यांनी तापमान एकसारखं राहत नाही.

म्हणून आम्हाला सर्वांत आधी हवाय चांगल्या बॅटरीचा इन्व्हर्टर. त्याच्या जोडीला तापमान आपोआप राखणारा थर्मोस्टॅट, तापमान आणि आर्द्रता दाखवणारे मीटर, पिल्लांसाठी झाकणाच्या जाळीदार पेट्या. रोख देणगी कितीही चालेल, शंभर रुपयेही. प्रत्येक रुपयाची पावती मिळेल आणि हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवू. ज्यांना पैसे देणं जमणार नाही त्यांनी भुसा, खोके, जुनी पण चालू बॅटरी द्यावी. रात्रीची पाळी करणारे तरुण तर हवेतच, मुलींनीही जरूर यावं.

धामणीची अंडीही आमच्याकडे येतात, तीही उबवतो. धामण बिनविषारी, शेतातल्या उंदरांचा कर्दनकाळ. उंदीर वाढले की भात जातं आणि पाठोपाठ लेप्टोची (उंदरांमुळे पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती येते, ही आपल्या जिल्ह्याला नवी नाही. तरीही धामण दिसली की दांडा घेऊन धावणारे आहेत, याचं फार वाईट वाटतं.

पिल्लू स्वतःच दाताने अंड्याला चीर पाडतं, डोकं बाहेर काढून एक-दोन दिवस तसंच पडून राहतं आणि आतला बलक शोषून घेतं. तेव्हा त्याला बाहेर ओढणं म्हणजे मारणंच. पहिली कात टाकली की वनविभागाच्या उपस्थितीत, अंडी सापडली त्याच परिसरात, ओढ्याकाठच्या रानात आम्ही पिल्लं वेगवेगळ्या ठिकाणी सोडतो. कोणी कौतुकाने विचारतं, एखादं पाळायला द्याल का? नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अजगर पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पाळणं, विकणं, अंडी जवळ ठेवणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. शिवाय अजगराचं पिल्लू आणि घोणस यांत भल्याभल्यांची गफलत होते, आणि घोणस जहाल विषारी. त्यामुळे ओळख पटवायला कुणीही जवळ जाऊ नये. लांब उभं राहून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

वेळासला समुद्री कासवांच्या घरट्यांसाठी गाव उभा राहिला आणि आज लोक लांबून ती पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला येतात. अजगराच्या पिल्लांना बघायला कोणी येणार नाही, त्यांना तशी गर्दी नकोच आहे. पण त्यांच्यासाठी उभं राहणारी माणसं आपल्याच गावात आहेत, असा आमचा विश्वास आहे.

शिमग्याला गावी येणाऱ्यांनी पालखीच्या दिवशी देवळाच्या सभामंडपातल्या आमच्या टेबलाशी यावं. वस्तूरूपी मदत ग्रामपंचायत कार्यालयात कामाच्या वेळेत जमा करता येईल. गुढीपाडव्यापर्यंत पैसे जमले, तर पहिली अंडी यायच्या आत इन्व्हर्टर बसवून होईल.

आपले,
सर्पमित्र मंडळाचे सर्व सदस्य