बाबा, हे तुमच्यामुळे नाही

पुणे

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न.

परवा फोनवर आई गप्प झाली आणि बाबा, तुम्ही "माझ्याच रक्तातून आलं तुला" एवढंच म्हणून फोन ठेवलात. ते वाक्य काही केल्या मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. पुन्हा फोन केला असता तर मला रडू आलं असतं आणि आईने विषय जेवणावर नेला असता.

मी ठरवलंय ते आता बदलणार नाही. गोळ्या सुरू झाल्या आहेत, थेरपीलाही जाते आणि डॉक्टरांना आपल्या घरातलं सगळं सांगितलं आहे. मोठ्या आत्याचंही. आई, तू म्हणालीस, "काऊन सांगाले गेली? इतकी वर्षं झाकून ठेवलं न आपण." सांगावंच लागलं गं. नुसतं माझं नैराश्य दिसलं असतं तर नैराश्याची नेहमीची गोळी मिळाली असती. पण वडिलांना बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद आणणारा आजार, असेल तर मुलीलाही तोच असू शकतो, आणि तो बऱ्याचदा आधी नैराश्याच्या रूपात दिसतो. अशा वेळी ती गोळी एकटीच दिली तर मन एकदम उलट्या टोकाला, उन्मादाकडे जाऊ शकतं. म्हणून डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, घरात कुणाला होतं, कोणत्या औषधाने बरं वाटलं? लिथियमच्या गोळीचा गुण येणं हेही काही घराण्यांत चालत येतं. बाबा, तुम्ही इतकी वर्षं नेमाने गोळी घेतलीत, ती माहिती आज माझ्या उपचाराच्या कामी आली.

आणि आई, लोकांचं म्हणशील, तर 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आपल्या मोहल्ल्यात कुणाला कळणार नाही.

आता रक्ताचं. आईवडिलांपैकी एकाला बायपोलर असला तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण शंभरात दहा. म्हणजे नव्वदांना होतच नाही. नैराश्यात आनुवंशिकतेचा वाटा जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून साधारण 37 टक्के निघतो, बाकीचं जगण्यातून येतं. एकच एक जनुक कुठेही सापडलेलं नाही. अनेक बारीक बारीक फरक असतात, काही तुमच्याकडचे, काही आईच्या माहेरचे. रागावू नकोस आई, पण नानाआजोबा होतेच न. त्यांच्याबद्दल तू कधी स्वतःला दोष दिलास का? मग बाबांनी का द्यावा?

दुःखही रक्तातून उतरतं का, हेही मी विचारलं. 1944-45च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये मोठी उपासमार झाली होती. त्या दिवसांत गर्भ राहून जन्मलेल्या लोकांना सहा दशकांनी तपासलं, तेव्हा वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या रासायनिक खुणा त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा वेगळ्या निघाल्या. पण दुःख अशा खुणांमधून पिढ्यान्‌पिढ्या उतरतं हे माणसांमध्ये अजून सिद्ध झालेलं नाही, आणि मला ते ओढूनताणून आपल्या घराला लावायचं नाही. आपल्याकडे जे उतरलं ते डोळ्यांसमोर उतरलं. आत्याला नेलं त्या रात्रीनंतर आजी झोपायच्या आधी दाराची कडी पुन्हा पुन्हा बघायची. आई, तू बघतेस. इथे मी बघते. तुझं आणि आजीचं तर रक्तही एक नाही, तरी ती भीती तिच्याकडून तुझ्याकडे आली, कारण त्या रात्रीबद्दल घरात कधी कुणी बोललंच नाही. थेरपीत मी तेवढंच करते, त्याबद्दल बोलते. तुमच्यावर आरोप करत नाही.

बाबा, रात्री दोन वाजता मला उठवून तुम्ही स्कूटरवर फुटाळा तलावावर न्यायचात, आठवतं? मी पुढे उभी राहायची आणि तुम्ही भरभर बोलत, गात असायचात. घरी फाटकाशी आई उभी असायची. तो आजार होता हे मला आता कळतं, आईचं काय झालं असेल तेही कळतं. पण तेव्हाचा माझा आनंदही खराच होता. डॉक्टरांना मी दोन्ही सांगितलं.

इकडची काळजी करू नका. झोप लागते, वरणभात रोज लावते, ऑफिसमधून वेळेवर निघते. जावईबापूंना लग्नाआधीपासून सगळं माहीत आहे. आई, दचकू नकोस, त्यांनी एकदाही वाकडा शब्द काढला नाही.

आता माझं ऐका. नवतपा, ते कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आत कूलरच्या ताट्या बदलून घ्या, दादाला सांगते. बाबा, लिथियमवर असताना अंगातलं पाणी कमी झालं की रक्तात औषध वाढतं, तेव्हा दुपारी बर्डीच्या बाजारात जाणं बंद. आई, बीपीचं नाव काढून त्यांच्या ताटातलं मीठ एकदम तोडू नकोस, त्यानेही लिथियम वाढतं. आधी डॉक्टरांना विचार. गुडघ्यासाठी दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणायचं नाही. हात जास्त थरथरले, उलट्या-जुलाब झाले, चालताना तोल गेला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. आणि आई, रात्री तुलाच घाबरल्यासारखं झालं तर 14416 वर फोन कर. टेलिमानसची सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

मे महिन्यात येते. तेव्हा बाबा, जमलं तर आत्याबद्दल सांगा, कोणत्या वयात सुरू झालं, काय औषध होतं. नको वाटलं तर राहू द्या, मी आग्रह करणार नाही. लिथियमच्या तपासणीचा आग्रह मात्र करणार. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं असतं, म्हणून सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्या. सोबत थायरॉइड आणि किडनीसाठी क्रिएटिनिनही करा. याच सोमवारी. रिपोर्टचा फोटो दादाच्या फोनवरून पाठवा.

तुमची,
मनू