अध्यक्ष निवडीला मुदत घाला

संपादक महोदय,

2024 च्या निवडणुकीनंतर विधानसभेतले विरोधी पक्षनेतेपद रिकामे राहिले, तेव्हा महाविकास आघाडीच्या नेत्यांनी लोकशाहीची आठवण करून दिली. तक्रार रास्त आहे. पण हीच मंडळी सत्तेत असताना विधानसभा अध्यक्षांची खुर्ची जवळपास 17 महिने रिकामी होती. ती कशी रिकामी झाली ते आम्हा साकोलीकरांना चांगले ठाऊक आहे.

4 फेब्रुवारी 2021 रोजी आमचे आमदार नाना पटोले यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. दुसऱ्याच दिवशी ते प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले. गावात जो भेटेल तो खूश, आपल्या जिल्ह्याचा माणूस मोठा झाला म्हणून. मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवत असे; मला मात्र घोर लागला. पक्षाच्या गरजेसाठी सभागृहाचे सर्वोच्च पद मध्येच सोडायचे, ही कसली प्राथमिकता?

तेव्हा आघाडीकडे बहुमत होते. नोव्हेंबर 2019 च्या विश्वासदर्शक ठरावाला 169 मते पडली होती. तरीही निवडणूक घेतली नाही, कारण मतदान गुप्त होते आणि आपलेच आमदार फुटतील अशी धास्ती होती. अखेर डिसेंबर 2021 मध्ये नियम बदलून मतदान खुले केले. तेव्हा राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी या नियमबदलावर बोट ठेवून तारीखच दिली नाही. भाजपचे गिरीश महाजन उच्च न्यायालयात गेले, मार्च 2022 मध्ये त्यांची याचिका फेटाळली गेली, तरी तारीख काही मिळाली नाही. कारभार उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्यावरच चालू राहिला.

मग जूनमध्ये एकनाथ शिंदे यांचे बंड झाले. झिरवाळ यांनी बंडखोर आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या, पण त्याआधीच त्यांना हटवण्याची नोटीस आली होती. अशी नोटीस प्रलंबित असताना अपात्रतेवर निर्णय देता येत नाही, असा नबाम रेबिया खटल्यातला 2016 चा निकाल आहे. पूर्णवेळ अध्यक्ष असते तर त्यांच्यावरही हीच नोटीस आली असती, असे कोणी म्हणेल. असेलही. पण नव्या बहुमताला लगेच आपला माणूस बसवायला मोकळी खुर्ची तरी मिळाली नसती.

रविवार, 3 जुलै 2022. आमच्याकडे रोवणीचे दिवस, पण मी टीव्हीसमोरून हललो नाही. एकेक आमदार जागेवर उभा राहून आपले नाव आणि क्रमांक सांगत होता. अध्यक्षपदाच्या मतदानाची शिरगणती संपली तेव्हा शिंदे-भाजप सरकारचे उमेदवार राहुल नार्वेकर यांना 164, आघाडीचे राजन साळवी यांना 107. जी तारीख आघाडीला महिनोन्‌महिने मिळाली नाही, ती नव्या सरकारला चार दिवसांत मिळाली. मतदानही त्याच खुल्या पद्धतीने झाले, जिच्यावर राज्यपालांचा आक्षेप होता! हे मला आजही सहन होत नाही.

पुढचे सर्वांना माहीत आहे. नव्या अध्यक्षांनी शिंदे गटाचे भरत गोगावले यांना शिवसेनेचे प्रतोद म्हणून मान्यता दिली. ती बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 रोजी सांगितले. अपात्रतेचा निर्णय मात्र पुन्हा अध्यक्षांकडेच गेला. तो 10 जानेवारी 2024 ला आला आणि शिवसेनेच्या दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. तोवर विधानसभेची मुदत संपायला वर्षही उरले नव्हते.

आघाडीने भीतीपोटी निवडणूक लांबवली, भाजपने ती अडकून राहण्यात आपला फायदा पाहिला. दोघांनाही हे करता आले, कारण घटनेच्या 178 व्या अनुच्छेदात अध्यक्ष ‘शक्य तितक्या लवकर’ निवडावा एवढेच म्हटले आहे. दिवस ठरवलेले नाहीत. लोकसभेचेही तेच. 2019 ते 2024 अशी पूर्ण पाच वर्षे तिला उपाध्यक्षच नव्हता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अध्यक्षपद रिकामे झाल्यापासून 15 दिवसांत, आणि अधिवेशन नसेल तर पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी, निवडणूक झालीच पाहिजे असे विधानसभेच्या नियमांत लिहा. राज्यपालांनी तेवढ्यात तारीख दिली नाही तर ती सभागृहाने ठरवावी. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत असेल तर तसा ठराव करून केंद्राकडे पाठवा. हा प्रस्ताव नियम समितीपुढे नेण्याचे काम आमच्या नानाभाऊंनीच करावे. 2024 मध्ये साकोलीने त्यांना अवघ्या 208 मतांनी निवडून दिले आहे, त्यातले एक मत माझे आहे.

— एक निवृत्त शिक्षक, साकोली (जि. भंडारा)