मकबऱ्यावर बदाम चालतो, आमच्या धाब्यावर माती चालत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थाळनेरच्या फारुकी मकबऱ्यांसाठी कालच्या अंकात पाऊण पान दिलंत, आभारी आहे. मात्र ‘ग्रामस्थांची अनास्था’ हे उपशीर्षक कोणाला सुचलं, तेवढं कळवा.

अनास्था म्हणे! बाहेरगावची पोरं मोटारसायकलवर येतात, अष्टकोनी मकबऱ्याच्या कोरीव भिंतीवर किल्लीने बदाम काढतात, आत दोघांची नावं. हटकलं तर, ‘काका, तुमच्या बापाचं आहे का?’ नाही बुवा, फारुकी घराण्याचा संस्थापक मलिक राजा, त्याच्या घराण्याचं आहे. खानदेशची गादी आधी इथे होती, बुऱ्हाणपूर नंतर वसलं.

आता आमच्या आस्थेची गोष्ट ऐका. संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामाला बंदी असते, आमचं घर त्याच्या आत येतं. जुनं धाबं, म्हणजे लाकडी कड्यांवर मातीचं सपाट छप्पर. गेल्या पावसाळ्यात मधल्या खणाची एक कडी मोडली, वरची माती थेट ज्वारीच्या पोत्यांवर. नवं बांधायचंच नव्हतं. कडी बदलायची, वर खारी माती टाकायची, बस. तरी परवानगी हवी. कागद दिले. बऱ्याच दिवसांनी त्रुटी निघाली: ‘स्मारकापासूनचे अंतर नमूद नाही.’ मोजायला कोणी येईना, म्हणून गवंड्याचा टेप घेऊन स्वतः गेलो. तिथला माणूस म्हणतो, आत टेप लावायचा तर आधी परवानगी आणा! कडीखाली अजून टेकू आहे. जेवताना ताटात माती पडते.

प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यात 2010 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून स्मारक विद्रूप करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शंभर मीटरच्या आत विनापरवाना बांधणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा. नोटिसा मात्र आमच्याच गल्लीत येतात. बदामवाल्याला कोणी पकडल्याचं मी तरी ऐकलं नाही. कायदा नको असं म्हणत नाही. नसता तर एव्हाना तिथे मंगल कार्यालय उभं राहिलं असतं.

आपल्या वार्ताहरांनी पुढच्या खेपेला जुलैत यावं, चहा आमच्याकडे. बसायला कोरडी जागा शोधू.

आणि हो, बातमीसोबतचा फोटो थाळनेरचा नाही, बुऱ्हाणपूरचा आहे. तेवढा बदलून छापा.

आपला,
एक अनास्थ ग्रामस्थ
थाळनेर, ता. शिरपूर, जि. धुळे